बंब आणि चुलीसाठी आकेशियाचं सरपण: तोड, फोड, वाळवण, रचाई

(एका धाग्यातले प्रश्न आणि उत्तरं. प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मळेवाडा
कणकवली तालुक्यात कलमांच्या बागेच्या बांधावर आकेशियाची (ऑस्ट्रेलियन बाभळीची) ६० झाडं आहेत. छातीच्या उंचीला घेर ६० ते ६५ सेंमी, उंची १२ मीटरच्या आसपास. घरात चार माणसं, तांब्याचा २० लिटरचा बंब आणि मातीची वैलाची (बाजूला दुसरं भांडं ठेवायची जागा असलेली) चूल. जून ते सप्टेंबर पुरेल एवढं सरपण या झाडांतून काढायचं आहे. किती झाडं पाडावी लागतील, कधी पाडायची, तुकडे किती लांबीचे, कुठे रचायचे? आणखी एक, आकेशिया बंबात घातला की नळीला आतून काळा डांबरासारखा थर बसतो. लाकडाचाच तो गुण आहे का?

पाचर
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. दोष आकेशियाचा नाही, ओलाव्याचा आहे. बंबावर तांबटआळी सविस्तर लिहितीलच, मी हिशोब मांडतो.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. चौघांचं मिळून ६० लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायचं तर ६.३ मेगाज्यूल. चांगल्या वाळलेल्या लाकडात, म्हणजे एकूण वजनात पाणी २० टक्के असताना, किलोमागे साधारण १४.७ मेगाज्यूल उष्णता मिळते. त्यातली एक तृतीयांश पाण्यात उतरली असं धरलं तर रोज १.३ किलो लाकूड. पेटवणीचं आणि शेवटी वाया जाणाऱ्या निखाऱ्यांचं धरून २ किलो म्हणा. तेच लाकूड ओलं, अर्धं वजन पाण्याचं असेल तर किलोमागे जेमतेम ८.३ मेगाज्यूल उरतात. मग ढीग दुप्पट लागतो आणि शिवाय धूर.

चार महिन्यांचे १२२ दिवस. बंबाला २४५ किलो, चुलीला दिवसाला ५ किलोने ६१० किलो. एकूण साडेआठशे किलो वाळलेलं लाकूड.

आकेशियाचं वाळलेलं लाकूड घनमीटरला ६०० ते ७०० किलो भरतं, म्हणजे तुम्हाला १.३ घनमीटर भरीव लाकूड हवं. रचलेल्या ढिगात लाकूड ६० ते ६५ टक्के, बाकी फटी. त्यामुळे ढीग होतो २ घनमीटरचा: २ मीटर लांब, १ मीटर उंच, १ मीटर रुंद. तुमच्या मापाच्या एका झाडाच्या खोडातून ०.१७ घनमीटर निघतं. आठ झाडं झाली. फांद्या त्यावर जास्तीच्या. साठातली साठ पाडू नका! दरवर्षी ८ ते १० काढली तर सात वर्षं चालतील आणि मोकळ्या जागेत दुसरं काही लावता येईल.

निवडताना कलमांवर झुकलेली, दुहेरी खोडाची, पोखरलेली आधी घ्या. सरळ खोडाची मागे ठेवा, वाश्यांना आणि खांबांना उपयोगी पडतात.

सातबारा
कुऱ्हाड उचलण्याआधी एवढं वाचा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत १६ प्रकारची झाडं आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिवळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. ही तुमच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. कोकणात उत्तम सरपण म्हणून ज्यांची नावं घेतात ते ऐन आणि किंजळ दोन्ही या यादीत आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं.

आकेशिया त्या यादीत नाही. पण लाकूड टेम्पोत भरून गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतुकीचे नियम वेगळे. आधी वनपालांकडे किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारा आणि लेखी घ्या. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या गावांना उच्च न्यायालयाची वृक्षतोडबंदी आहे, तिथल्या कोणी हा धागा वाचून झाडाला हात लावू नये. गोव्यात तर १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, त्याची परवानगी वेगळी.

वीजवाहिनीजवळचं झाड असेल तर आधी महावितरणला कळवून लाईन बंद करून घ्यायची. दोरी बांधून ओढू म्हणणाऱ्या कामगाराचं ऐकू नका.

मळेवाडा
कायद्याची यादी उतरवून घेतली. पाडायची कशी तेही सांगा. यंत्रकरवत भाड्याने मिळते आहे, १८ इंची पट्टीची.

धामणदांडा
१८ इंच पुरेशी आहे, २० सेंमीच्या खोडाला १६ इंचही चालली असती.

आकेशिया पाडायला सोपं दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. ते क्वचितच उभ्या रेषेत वाढतं. वरचा पसारा एका बाजूला, खोडाला बाक, आणि फांद्या ठिसूळ. झाड हललं की वरची वाळकी फांदी सुटते. म्हणून आधी मान वर करून सगळा पसारा पाहायचा. डोक्यावर शिरस्त्राण हवंच.

क्रम असा. बुंध्याभोवती दोन पावलं मोकळी करा, झुडपं आणि वेली कापून टाका. झाड जिकडे पडणार त्याच्या मागे, तिरकी ४५ अंशात, पळायची वाट साफ करा. पडणाऱ्या बाजूला खाच घ्या, खोली व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे तुमच्या झाडाला ४ ते ५ सेंमी. मग मागून आडवा काप, खाचेच्या तळापेक्षा २ ते ३ सेंमी वर. पूर्ण आरपार जायचं नाही. मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, इथे २ सेंमी, लाकडाची पट्टी शिल्लक ठेवायची. तीच बिजागरी. झाड तिच्यावर वळून पडतं. ती कापली गेली की झाड कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही.

जास्त झुकलेल्या झाडाला मागून सरळ काप घेत गेलात तर अर्ध्यात खोड उभं फाटतं आणि फाटलेली फाळ मागे उसळून छातीवर येते. अशा झाडाला खाच घेतल्यावर पट्टीचं टोक बाजूने आत घालून मधलं लाकूड आधी कापायचं, मागे थोडी कड राखायची आणि ती शेवटी बाहेरून तोडायची. हे हाताखाली शिकल्याशिवाय करू नये. झुकलेलं झाड अनुभवी माणसाला द्या, सरळ झाडं तुम्ही घ्या.

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकू देऊ नका, करवत उसळून तोंडाकडे येते. टोक बाजूने आत घालणाऱ्या कापात हाच धोका सगळ्यात जास्त, तो माणूस अनुभवी हवा म्हणतो ते यासाठी. आणि जांभ्याच्या कातळावर पडलेलं खोड तसंच कापू नका. खाली फांदी सरकवून ते उचलून घ्या. साखळी दगडाला एकदा घासली की सगळे दात बोथट.

पाचर
साखळीचं आलंच आहे तर, भुशाकडे बघत काम करा. धारदार साखळीतून चपट्या कपच्या उडतात. पिठासारखी भुकटी पडायला लागली की थांबा आणि कानस घ्या. ०.३२५ इंच मापाच्या साखळीला ४.८ मिमीची गोल कानस, लहान ३/८ ला ४ मिमी. कोन ३० अंश, प्रत्येक दाताला सारखेच फटके, तेही पुढच्याच दिशेने. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर काप वाकडा जातो आणि पट्टी अडकते.

पेट्रोलमध्ये तेलाचं प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच. १:५० म्हटलं असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ओल शिरते. मिसळलेलं पेट्रोल महिनाभर टाकीत ठेवू नका. काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर पुढच्या हंगामात नळ्या कडक आणि कार्ब्युरेटर चिकट. साखळीच्या टाकीत गाडीचं काढलेलं काळं तेल घालतात, तेही नको. त्यातली धातूची भुकटी पट्टी खाते, आणि ते सगळं बागेच्या मातीत उडतं.

कुळागर
फोंड्याहून. पाडल्यानंतर लगेच फांद्या छाटू नका. झाड पानांसकट दोन ते तीन आठवडे तसंच पडू द्या. पानं जिवंत असेपर्यंत खोडातलं पाणी ओढून बाहेर टाकत राहतात. पानं तपकिरी होऊन कुरकुरीत झाली की काम संपलं, मग छाटा. उचलतानाच वजनातला फरक हाताला कळतो.

बुंध्याबद्दलही विचार करा. आकेशिया जमिनीलगत कापला तर फुटवा फारसा धरत नाही. ६० सेंमी ते १ मीटर उंचीवर कापला तर थोडी आशा. सुरूचं झाड तर पुन्हा फुटतच नाही. पुढच्या वीस वर्षांचं सरपण हवं असेल तर मोकळ्या जागेत गिरिपुष्प लावा. कुंपणाला कुंपण, पाला कलमांच्या आळ्यात, आणि दर दोन-तीन वर्षांनी मनगटाएवढ्या काठ्या. त्या काठ्या करवतीशिवाय कोयत्याने निघतात. बांधावर आपसूक आलेली ऐन-किंजळाची रोपं असतील तर ती उपटू नका.

धामणदांडा
कुळागर यांच्याशी सहमत, पण फोड लांबवू नका. पानं सुकली की लगेच तुकडे आणि लगेच फोड. आकेशिया अर्धवट ओला असताना कुऱ्हाडीला सहज उघडतो. पूर्ण वाळल्यावर गाठींपाशी कुऱ्हाड रुतून बसते. सुरूचं तर वाळलं की लोखंड होतं.

फोडायची कुऱ्हाड वेगळी असते. तोडायच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ, ती लाकडात घुसते आणि अडकते. फोडायला जाड, पाचरीसारखं पातं हवं, वजन २ ते २.५ किलो. दांडा ८० ते ९० सेंमीचा, धामणीचा मिळाला तर दुसरा शोधूच नका. धामण झटका खाते, हाताला झिणझिण्या येत नाहीत. तिवसाचा दांडाही चांगला.

ठोकळा ३५ ते ४० सेंमी उंच, कातळावर नाही, मातीवर. त्यावर स्कूटरचा जुना टायर खिळ्यांनी बसवा आणि ओंडके त्यात उभे करा. फोडलेले फाके बाहेर उडत नाहीत, दर घावाला वाकून उचलायचं वाचतं. ओंडक्याच्या टोकाला आधीच केसासारख्या चिरा दिसतात, घाव त्या चिरेवर घाला. जाड ओंडका मधोमध मारत बसू नका, कडेने सालीकडच्या ढलप्या काढत आत या. जिथे फांदी फुटली होती ती गाठ खालच्या बाजूला ठेवा. तीन घावांत उघडलं नाही तर लोखंडी पाचर आणि घण. कुऱ्हाडीच्या माथ्यावर घण मारायचा नाही, माथ्याची कपची उडून डोळ्यात जाते.

तांबटआळी
आता बंब. त्या काळ्या थराचं कारण सांगतो, ते कळलं की लाकूड किती वाळवायचं आणि किती लांब कापायचं हे आपोआप कळेल.

बंबाची मधली नळी चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली असते. चुलीची माती तापून लाल होते, बंबाच्या नळीची भिंत मात्र पाणी उकळलं तरी १०० अंशांच्या फार वर जात नाही. ओल्या लाकडाचा धूर हा न जळालेला वायू, वाफ आणि डांबराचे थेंब यांचं मिश्रण. तो गार भिंतीला लागला की तिथेच थिजतो. थरावर थर बसतो. मग तो थर उष्णतेला आडवा येतो, पाणी उशिरा तापतं, म्हणून माणूस आणखी लाकूड घालतो आणि थर आणखी वाढतो. चूल थोडं ओलं लाकूड खपवून घेते, बंब घेत नाही.

यावर तीन गोष्टी.

लाकूड बारीक हवं. नळी ४ ते ५ इंचांची असते. तुकडा १५ ते १८ सेंमी लांब आणि जास्तीत जास्त ३ सेंमी जाड. लांब तुकडा नळीत तिरका अडकतो, त्याखाली पोकळी होते, खालचं जळून जातं आणि वरचं नुसतं धुमसतं. मग माणूस वरून काठीने ठोसतो आणि जाळीवरची राख हवेची वाट बंद करते.

हवा खालून हवी. जाळीखालची राख रोज काढा. निम्मा कप्पा राखेने भरला असेल तर उत्तम लाकूडही धुरच करणार.

पेटवण कोरडी आणि झटपट धगणारी हवी. एक करवंटी चार तुकड्यांत फोडून आणि त्यावर नारळाच्या पिढ्याच्या (झावळीच्या जाड देठाच्या) दोन चिरफळ्या, मग आकेशियाचे चार बारीक तुकडे. ज्वाळ नळीच्या तोंडापर्यंत आली की पुढचे. करवंटीची धग मोठी असते, नळी सुरुवातीलाच तापून ओढ धरते. प्लास्टिकची पिशवी पेटवणीला वापरू नका. तिचाही थर बसतो, आणि तो खरवडूनही निघत नाही.

बसलेला थर काढायला बंब गार असताना काथ्याचा कुंचा नळीतून वरखाली करा. तारेचा ब्रश जोर लावून नको, तांबं ओरबाडलं जातं.

सगळ्यात महत्त्वाचं: पाणी भरल्याशिवाय कधीही पेटवायचं नाही. नरसाळ्यातून ओतल्यावर वरच्या तोटीतून पाणी बाहेर येतंय हे पाहूनच काडी ओढायची. रिकाम्या बंबात सांधे जोडणारा डाख वितळतो, नळीचा सांधा सुटतो, आणि कसबी तांबट शोधून तो पुन्हा बसवून घ्यावा लागतो. ज्या बंबांना तोटी खाली आहे त्यात पाणी किती उरलं ते दिसत नाही, तिथे दुप्पट काळजी.

आणि बंब बंद न्हाणीघरात पेटवू नका. निखारे धुमसत असताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंब पडवीत पेटवायचा आणि पाणी बादलीने आत न्यायचं.

मळेवाडा
म्हणजे बंबासाठी आणि चुलीसाठी दोन वेगळे ढीग करायचे?

पाचर
हो, पहिल्या दिवसापासून वेगळे. फांद्या आणि ३ सेंमीपर्यंतच्या काटक्या बंबाच्या लांबीने कापा, त्यांना फोडावंही लागत नाही. खोडाचं लाकूड चुलीसाठी ३५ ते ४० सेंमी, मनगटाएवढं फोडून. लाकूड सालीतून फार कमी वाळतं, टोकांतून झपाट्याने वाळतं, म्हणून आखूड तुकड्यांना वेळ कमी लागतो. जानेवारीत कापलेले बंबाचे तुकडे दोन महिन्यांत तयार होतात. चुलीच्या फाक्यांना साडेतीन ते चार महिने द्या. सालीसकट न फोडलेला ओंडका मात्र पावसाळा आला तरी आत ओलाच असतो, आणि तोवर भुंगेऱ्यांनी सालीखाली पीठ पाडलेलं असतं.

वेळापत्रक: दिवाळीनंतर तोड, नाताळापर्यंत छाटणी, संक्रांतीच्या आत फोड पूर्ण, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सगळं छपराखाली. वळवाच्या एका सरीने बिघडत नाही, दोन दिवसांत पुन्हा सुकतं. पण मृगाची वाट पाहू नका.

वाळलं की नाही हे ठोकून आवाजावरून सांगतात, तो अंदाज झाला. खात्री हवी तर वजनकाटा घ्या. ताज्या लाकडाची बोटभर जाडीची चकती कापून लगेच वजन करा. मग ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. समजा १०० ग्रॅमची ५५ झाली, म्हणजे ओलावा ४५ टक्के. आता त्याच झाडाची, त्याच दिवशी वजन केलेली १ किलोची फाक घ्या, रंगाने खूण करा आणि ढिगाच्या मधोमध ठेवा. तिच्यात कोरडं लाकूड ५५० ग्रॅम आहे. ती ६७० ग्रॅमवर आली की ओलावा १८ टक्के, ढीग तयार. दर रविवारी ती एकच फाक तोलायची.

कातळफूल
रचाईबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

खाली चिरे मांडा, त्यावर आडव्या बल्ल्या, जमिनीपासून ३० सेंमी उंच. वाळवी त्याशिवाय थांबत नाही, आणि चिऱ्यावरून चढणारी तिची मातीची वाट दिसली की लगेच मोडता येते. ढीग घराच्या भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर सोडा. वाऱ्याच्या तोंडाला फाक्यांची टोकं येतील असं रचा. दोन्ही बाजूंना चौकट करा: एक थर उभा, एक आडवा, आगपेटीच्या काड्यांसारखा. त्यामुळे खांब न लावता ढीग उभा राहतो. साल वरच्या बाजूला.

निळ्या ताडपत्रीत चारही बाजूंनी गुंडाळण्याची चूक सगळीकडे दिसते. आतली ओल आतच राहते आणि आठ दिवसांत पांढरी बुरशी. ताडपत्री किंवा पत्रा फक्त माथ्यावर, दोन्ही बाजूंना हातभर पुढे आलेला. पश्चिमेकडून झड येते, तिकडे झावळ्यांचे झाप तिरके लावा. त्यातून वारा जातो, पाणी जात नाही.

मळेवाडा
पण पावसात हवाच ओली असते. उघड्या बाजूंनी लाकूड पुन्हा ओलं होणार नाही का?

पाचर
होतं, पण एका मर्यादेपर्यंतच. हवेत ८५ ते ९० टक्के आर्द्रता असली तरी छपराखालचं लाकूड साधारण १५ ते १७ टक्के ओलाव्यावर येऊन थांबतं. उन्हाळ्यात ते ११-१२ पर्यंत उतरलेलं असतं. १७ टक्के ओलाव्याचं लाकूड बंबातही नीट जळतं. पाऊस थेट पडला तर गोष्ट वेगळी. उद्याचं सरपण आज रात्री चुलीच्या कडेला ठेवलं तर तेवढाही ओलावा उतरतो. मात्र चुलीपासून हातभर लांब, आणि झोपण्याआधी तिथून हलवायचं.

कातळफूल
ढिगातून लाकूड उचलताना दोन गोष्टी. वरून काढत या, मधूनच ओढू नका. आणि पहाटे अंधारात नुसता हात घालू नका. फुरसं आणि विंचू दोघांनाही चिऱ्यांच्या फटी आवडतात. आधी काठीने ठोका, विजेरीचा उजेड टाका, मग हात.

ढिगात काय नको तेही: बिब्बा, शेर, कण्हेर. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि धूरही बाधतो. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. कच्च्या काजूबियांची टरफलंही चुलीत नकोत, त्यातलं तेल उडतं आणि घसा-डोळे चुरचुरतात. बांबू घातलात तर उभा चिरून घाला, बंद पेर तापलं की फटाक्यासारखं फुटून निखारे उडवतं. रंग दिलेल्या फळ्या आणि प्लायवूड तर कुठल्याच ढिगात नाही.

कुळागर
राखेचं काय करणार? माडाच्या आळ्यात घालतात ते योग्यच आहे. जांभ्याची माती आंबट, राख अल्कधर्मी आणि त्यात पालाश. पण माडामागे वर्षाला दोन-तीन किलोच, तीही पसरून. युरियासोबत मिसळू नका, नत्र वायू होऊन उडून जातं. आणि राख गार झालीय असं वाटलं तरी पत्र्याच्या डब्यात दोन दिवस ठेवूनच बागेत न्या. वाळक्या पातेऱ्यात पडलेला एक निखारा वाऱ्यावर तासाभराने पेट घेतो.

मळेवाडा
आठ झाडांना चुना लावून खूण केली. त्यातली दोन जास्त झुकलेली आहेत, ती अनुभवी माणसाकडून पाडून घेणार. एक शंका राहिली: चुलीच्या फाक्या ४० सेंमी, पण वैलाकडे ज्वाळ पोचतच नाही, पुढच्या भांड्याखालीच सगळी धग.

तांबटआळी
फाकी लांब असेल तर अर्धी चुलीच्या तोंडाबाहेर राहते, हवा लाकडाच्या वरून आत येते आणि ज्वाळ गार होते. ३० सेंमी करून बघा. एका वेळी तीनच फाक्या, मध्ये दोन बोटांची फट. तरी पोचली नाही तर वैलाकडे जाणारी वाट तपासा. ती राखेने आणि काजळीने अर्धी बुजलेली असते, गार चुलीत हात घालून मोकळी करता येते. आणि पुढच्या भांड्याची थानं, म्हणजे ज्यांवर भांडं टेकतं ते मातीचे उंचवटे, मोजा. थानांमुळे भांडं बोटभरापेक्षा जास्त उचललं गेलं असेल तर ज्वाळ तिथूनच बाहेर पळते, वैलाकडे जातच नाही. ओली माती घेऊन कड तेवढी वर उचला, दोन दिवस सुकू द्या आणि मग पेटवा.

मळेवाडा
थानं मोजली, भांडं तीन बोटं वर राहतं. उद्या माती चढवतो.